जवारी कोण लावणार?

ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयास,



पत्रास कारण की, तुमच्या व्यासपीठावर एक माणूस बसलेला पाहायची इच्छा आहे. तो गात नाही, वाजवत नाही, भाषण तर मुळीच करत नाही. त्याच्या हातात एक बारीक कानस असते आणि कान तारेला चिकटलेला असतो. त्याच्याकडे येतोच, पण आल्या आल्या मागणं पुढे करणं बरं दिसत नाही. आधी थोडं तुमच्याविषयी.

तुमच्या दारात उभं राहिलं की नवख्या माणसाला पत्ता चुकल्यासारखं वाटतं. चढाच्या रस्त्यावर लोखंड आणि काचेची काळसर वेलबुट्टीदार इमारत, कोपऱ्यावर डौलदार मनोरा आणि दर्शनी भागावर चक्क ‘ओल्ड इंग्लंड’ असं नाव. पॉल सँतेनुआ या वास्तुकारानं 1899 मध्ये ती बांधली ती एका बड्या दुकानासाठी. तुमचा जन्म 1877 चा, पण या घरात तुम्ही राहायला आलात 2000 साली. त्याआधी साब्लोन भागात तुमचा संसार दाटीवाटीनं चालला होता. एके काळी काही पाहुणे लिफ्टनं थेट वरच्या उपाहारगृहात जात, गच्चीवरून शहराचे फोटो काढत, कॉफी पीत आणि उतरून निघून जात. त्यांना नावं ठेवत नाही. देखावा खरंच चांगला आहे.

खाली मजल्यांवर मात्र वेगळाच कारभार. तुमच्याकडे 8,000 हून अधिक वाद्यं आहेत म्हणतात, त्यातली 1,200 च्या आसपास मांडलेली. वाद्य नुसतं पाहून कळत नाही, हे तुम्हाला फार लवकर उमगलं होतं. नव्या घरात आलात तेव्हाच तुम्ही पाहुण्याच्या कानाला हेडफोन लावलात. कपाटासमोर ठरलेल्या जागी उभं राहिलं की आतल्या वाद्याचा आवाज कानात सुरू व्हावा, अशी ती योजना. पुढे यंत्रं बदलली, पण रीत तीच राहिली. तिचा एक मजेदार परिणाम तुमच्या रखवालदारांना रोज दिसत असणार. हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं गुणगुणतोय याचा अंदाज राहत नाही. पोलादी चेहऱ्याचे गृहस्थ मशकबाजाच्या कपाटासमोर ताल धरतात, एखाद्या आजीबाई नकळत आख्खी ओळ गाऊन जातात, आणि बाकीच्या दालनात ठार शांतता. जो तो आपापल्या मैफलीत. संगीत एकत्र बसून ऐकायची सवय असलेल्या आमच्यासारख्यांना हे जरा चमत्कारिकच वाटतं. दाद द्यावी तर कोणाला? शेजारचा दुसऱ्याच देशात असतो.

तुमच्याकडच्या ज्या एका वस्तूसमोरून माझा पाय निघत नाही, ती म्हणजे विंकेलचं आपोआप वाजणारं कंपोनियम. डिट्रिश निकोलाउस विंकेल हा ॲमस्टरडॅमचा कारागीर. मेट्रोनोम मुळात याच्या डोक्यातून निघाला आणि नाव झालं मेल्ट्सेलचं, हे दुःख त्याच्या वाट्याला आधीच येऊन गेलेलं. 1821 मध्ये त्यानं हे धूड उभं केलं. आत पिनांनी मढवलेली दोन लाकडी पिंपं. एक पिंप दोन मात्राखंड वाजवतं तेवढ्यात दुसरं गप्प बसतं आणि गप्प बसल्या बसल्या किंचित सरकतं, किंवा सरकत नाही. सरकायचं की नाही, हे आतलं एक चक्र ठरवतं, आणि ते चक्र कुठे थांबेल हे खुद्द विंकेललाही सांगता येत नसे. मग दुसरं पिंप वाजतं, पहिलं गप्प. चाल तीच, पण तिची रूपं प्रत्येक वेळी नव्या क्रमानं गुंफली जातात आणि तीच गुंफण पुन्हा कानावर पडायची शक्यता जवळजवळ नाहीच. पॅरिसच्या लोकांचा यावर विश्वास बसेना. तेव्हा तिथल्या विद्वानांनी आत डोकावून खात्री करून घेतली. आमच्याकडचा कोणी बुजुर्ग हे पाहून म्हणाला असता, ‘पिंप उपज करतंय, पण समेवर येताना हसत नाही.’ माझंही मत तेच. तरी त्या आडमुठ्या पिंपांसमोर उभं राहिलं की दोनशे वर्षांपूर्वीच्या एका चिडलेल्या, हुशार माणसाचं डोकं कसं चालायचं ते दिसतं. आणि त्याचं नाव तिथे आहे. ही नावाची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागेल.

ॲडॉल्फ सॅक्सविषयी तुम्हाला मी काय सांगावं? दिनाँचा हा पोरगा, बापाचा वाद्यांचा कारखाना ब्रसेल्सला, 1846 चं सॅक्सोफोनचं पेटंट, आणि 2014 मध्ये त्याच्या द्विशताब्दीला तुम्ही भरवलेलं मोठं प्रदर्शन. एवढंच सांगतो, त्यानं घडवलेल्या पितळी घराण्याचे चुलत-मावस वंशज आमच्याकडे वरातीत वाजतात, लाल कोटातल्या बँडवाल्यांच्या खांद्यावर, आणि त्यांच्या तालावर नवरदेवाचे काका नाचतात. सॅक्सला हे दृश्य आवडलं असतं. वादक मिळकत करतोय म्हटल्यावर कारखानदाराला आणखी काय हवं?

आता मैफलींकडे येतो, कारण तुमची खरी परीक्षा तिथे आहे. वाद्य जपायचं तर वाजवायचं नाही, आणि वाजवायचं नाही तर जपलं ते काय, हा तिढा तुमच्या धंद्याला जन्मापासून चिकटलेला आहे. तारा ताणल्या की जुनं लाकूड वाकतं. बासरीत ऊबदार, ओलसर श्वास गेला की दोन शतकं कोरडं राहिलेलं लाकूड तडकू शकतं. दुरुस्ती केली तर जुन्या कारागिराच्या हत्याराची खूण पुसली जाते. तुमचे पहिले अभिरक्षक व्हिक्टर-शार्ल माहियाँ यांनी यावर तोडगा काढला. ते स्वतः सुषिर वाद्यं बनवणाऱ्या घराण्यातले, तेव्हा त्यांना नुसती कपाटं भरून झोप येणं शक्यच नव्हतं. त्यांनी संग्रहालयातच कार्यशाळा घातली आणि फ्रान्झ द व्हेस्टिब्यूल नावाच्या कारागिराकडून दुर्मीळ वाद्यांच्या नकला करवून घेतल्या. मूळ वाद्यानं विश्रांती घ्यायची, नकलेनं वाजायचं. 1885 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ब्रसेल्सच्या वादकांनी जुन्या वाद्यांवर जुनं संगीत वाजवून दाखवलं, तेव्हा युरोपात असलं काही करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. आज जुन्या वाद्यांवरच्या मैफली जगभर होतात. त्या वाटेवरचे अगदी सुरुवातीचे पाय तुमच्या उंबऱ्यातून पडलेले आहेत.

आणि जिथे मूळ वाद्य वाजवणं शक्य झालं, तिथे तुम्ही तेही केलंत. तुमचं लुथेआल घ्या. ज्यॉर्ज क्लुतां या बेल्जियन ऑर्गनकारानं पियानोच्या पोटात अशी काही योजना बसवली की खटके ओढले की तोच पियानो कधी हार्पसारखा, कधी सिम्बॅलमसारखा बोलावा. संगीतकार राव्हेल त्यावर इतका खूश झाला की 1924 च्या ‘त्सिगान’ची साथ त्यानं या वाद्यासाठी बेतली. पुढे वाद्य मागे पडलं, विसरलं गेलं, आणि लोक ती रचना साध्या पियानोवर वाजवू लागले. तुमच्याकडच्या लुथेआलची दुरुस्ती झाल्यावर जगाला पुन्हा कळलं की राव्हेलच्या कानात मुळात काय वाजत होतं. रचनेचा कागद होता, ध्वनिमुद्रणं होती, विद्वान होते. नव्हतं ते वाद्य. वाद्य बोललं आणि कागदाचा अर्थ बदलला. संग्रहालयानं मैफल का करावी, याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

तुमच्या सभागृहाची एक गोष्ट मला घरच्यासारखी वाटते. हार्पसिकॉर्डवाला मध्यंतरात खाली उतरत नाही. लोक कॉफीला जातात आणि तो किल्ली घेऊन वाकलेला असतो, एकेक तार तपासत. हवा बदलली, माणसांच्या श्वासानं खोली उबदार झाली, तारा उतरल्या. आमच्याकडेही तेच, फक्त आमचा गायक हे सगळं प्रेक्षकांसमोर, पडदा उघडा ठेवून करतो. तंबोरे जुळवण्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. परदेशी पाहुणे घड्याळ पाहतात आणि जाणकार श्रोता म्हणतो, आता मैफल चांगली होणार.

तंबोऱ्याचं नाव निघालंच आहे, तर आता तुमच्या त्या कपाटाकडे वळू, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

तुमचा पाया दोन संग्रहांवर रचला गेला. एक, फ्रान्स्वा-जोझेफ फेतिस या ब्रसेल्सच्या संगीतविद्यालयाच्या पहिल्या संचालकांचा, जो सरकारनं 1872 मध्ये विकत घेतला. दुसरा कलकत्त्याहून आला. पाथुरियाघाटा ठाकूर घराण्यातले राजा शौरींद्रमोहन ठाकूर यांनी 1876 मध्ये राजा दुसरा लिओपोल्ड याला शंभराच्या आसपास हिंदुस्थानी वाद्यं नजर केली. रवींद्रनाथांच्या नात्यातले हे गृहस्थ स्वतः संगीताचे पंडित. ‘यंत्रकोश’ हा वाद्यांवरचा त्यांचा ग्रंथ आदल्याच वर्षी निघाला होता. भेट देण्यामागे थोडा दरबारी हिशेबही असणार. युरोपच्या आणखीही दरबारांत त्यांनी अशा भेटी पाठवल्या आणि मानपत्रं, पदकं गोळा केली. पण नुसता मानाचा हव्यास म्हणून ते मोडीत काढता येणार नाही. हिंदुस्थानात राज्य करणाऱ्या साहेबाच्या लेखी आमचं संगीत म्हणजे गोंगाट होता; तेव्हा या माणसानं वाद्यंच समोर ठेवली, की घ्या, पाहा, मोजा. ज्या राजाला ती मिळाली, त्याच्याच नावावर पुढे काँगोचं रक्तरंजित पर्व लिहिलं गेलं. तुमच्या शहरात काही सुंदर पाहताना हा माणूस सारखा आडवा येतो. त्याला टाळून पुढे जाता येत नाही, इतकंच.

ती वाद्यं माहियाँच्या हाती आली. आता त्यांच्यापुढे प्रश्न, हे सगळं लावायचं कसं? युरोपातल्या रीतीप्रमाणे तंतुवाद्यं, फुंकायची वाद्यं आणि बडवायची वाद्यं असे तीन ढीग करत. तिसऱ्या ढिगात ढोल आणि झांजा एकाच पोत्यात. आमच्या भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात केव्हाच चार वर्ग पाडून ठेवलेले: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तार कंप पावते, हवा कंप पावते, ताणलेलं कातडं कंप पावतं, की वाद्याचं अंगच कंप पावतं, एवढं पाहायचं. 1880 मध्ये माहियाँची सूची छापून येऊ लागली तीही याच चार वर्गांत बसवलेली. 1914 मध्ये होर्नबोस्टेल आणि झाक्स या अभ्यासकांनी माहियाँची मांडणी हाती घेऊन तिला आकड्यांच्या पद्धतीनं पोटभेद जोडले, आणि जुन्या भारतीय विभागणीशी असलेलं तिचं साम्य त्यांनीच नमूद करून ठेवलं. जगातली बहुतेक वाद्यसंग्रहालयं आजही त्याच पायावर उभी आहेत. फिनिक्सला जा, नाहीतर बर्लिनला, कार्डावरचा आकडा माहियाँच्या कपाटापाशी येऊन पोचतो. म्हणजे कलकत्त्याहून आलेल्या पेट्यांचं तुमच्याकडे नुसतं शोभेचं देणं नाही, पाहुणचार परत करायची वेळ तुमची आहे. बघा, मागणं कसं हळूच पुढे सरकवलं!

तुमच्या युरोपीय मजल्यावर प्रत्येक वाद्याला बाप आहे. अँटवर्पच्या रुकर्स घराण्याचं हार्पसिकॉर्ड पाहावं. ध्वनिफलकाच्या मधोमध शिशाची जाळीदार चकती, तीत हार्प वाजवणारा देवदूत आणि त्याच्या दोन बाजूंना कारागिराची आद्याक्षरं. चारशे वर्षं झाली, तरी कोणी विचारलं तर वाद्य स्वतःच सांगतं, मी अमक्याचं. विंकेल आहे, क्लुतां आहे, सॅक्स तर आहेच. नकला करणाऱ्या व्हेस्टिब्यूलचंही नाव राहिलं. कलकत्त्याच्या पेट्यांबरोबर दात्याचं नाव आलं, राजाचं आलं. ज्यांनी त्या दांड्या कोरल्या, भोपळे सुकवले, घोडी घासली, त्यांची नावं जगाच्या तोंडी राहिली नाहीत. हा दोष तुमचा नव्हे. आमच्याकडेच ‘अमुक बुवांचा तंबोरा’ म्हणतात. तो केला कोणी, हे बुवांच्या शिष्यांनाही माहीत नसतं. पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं जे अफाट संग्रहालय उभारलं, त्यात वाद्यांचं सुरेख दालन आहे. त्यासमोर उभं राहूनही माझ्या डोक्यात हाच प्रश्न घोळतो.

नाव गेलं म्हणून एवढं हळहळायचं कारण काय? कारण तंबोऱ्याच्या बाबतीत जपायची वस्तू कपाटात मावतच नाही. एकदा जवळून पाहा. तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनसारखी उभी पातळ पट्टी नसते. ती चांगली रुंद असते आणि तिच्या पाठीला जेमतेम दिसेल न दिसेल असा उतार असतो. तार त्या उतारावर एका बिंदूवर टेकत नाही, ती कंप पावताना पृष्ठभागाला पुसटसा स्पर्श करत जाते. त्या स्पर्शातून स्वरांची झळाळी उठते, षड्जातून गंधार ऐकू येतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा तुकडा सरकवतात, केसभर मागे, केसभर पुढे. एका जागी आला की आवाज एकदम खुलतो. ही जवारी. आणि ती टिकत नाही. वाजवता वाजवता तार घोडीत चर पाडते, आवाज बसतो, आणि पुन्हा कोणीतरी कानस घेऊन तो उतार नव्यानं घासावा लागतो. किती घासायचं याचं माप कुठेही लिहिलेलं नाही. एक घासा मारायचा, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. गायकाला खुली जवारी हवी की बंद, आवाज स्त्रीचा की पुरुषाचा, हेही त्यातच पाहायचं. तेव्हा दीडशे वर्षांचा तंबोरा तुम्ही अगदी तापमान मोजून, दमटपणा राखून ठेवलात, तरी तुमच्याकडे राहतं ते त्याचं शरीर. आवाज दर काही वर्षांनी एका माणसाच्या हातातून नव्यानं यावा लागतो.

तो माणूस मिरजेला राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या बांधवांनी तिथे हा धंदा रुजवला. घराण्याचं मूळ काम हत्यारांना धार लावायचं. इंग्रजी अमलात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि पोलादावर बसलेला हात लाकडाकडे वळला. संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय होता, गवयांची ये-जा होती. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. त्यांच्यासारखा कान समोर बसल्यावर कारागिराला ढिलाई परवडणार कशी? आजही सतारमेकर गल्लीत तेच काम चालतं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून, खायच्या उपयोगाचे नसलेले कडू. ते वाळवायचे, कापायचे, भिजवून आतून टेकू देऊन हव्या त्या घाटात आणायचे. तुनाच्या लाकडाची दांडी आणि तबली, खुंट्या, नक्षी, रोगण. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं. चांगलंच झालं. पण मानांकनानं गावाचं नाव झालं; जवारी लावायला तरुण पोरगं बसेल की नाही, ते मानांकन ठरवू शकत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची डबी आणि आता फोनमधलं ॲप, दोन्हींना कानस लागत नाही.

म्हणून मागणं असं. तुमच्या एका मैफलीत मिरजेच्या कारागिराला बोलवा. तुमच्या कपाटातल्या वाद्याला कोणी हात लावणार नाही, माहियाँचा नियम आम्हाला मान्य आहे. त्याला त्याचे दोन नवे तंबोरे घेऊन येऊ द्या, आणि त्यातल्या एकाची घोडी मुद्दाम झिजलेली असू द्या. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या काढून सतरंजी घाला. गायिकेला नंतर बसवा, आधी तो बसेल. लोकांना आधी बसलेला आवाज ऐकू द्या, मग कानस, मग सूत, मग पुन्हा आवाज. हेडफोन नको, हे सगळ्यांनी एकदम ऐकायचं आहे. निवेदकाला मात्र आवर घाला. गूढ प्राचीन पूर्व वगैरे सुरू झालं की कारागिराचा हात थांबतो आणि तो नम्रपणे हसत बसतो.

तिकीट लावा, आम्ही काढू. नोकरीनिमित्त तुमच्याकडे राहणारी मराठी मंडळी सहकुटुंब येतील, फक्त वेळ सहाची ठरवली असेल तर पत्रिकेवर साडेपाच छापा. आणि तो निघताना ज्याची जवारी सर्वांसमोर लागली, तो तंबोरा योग्य किंमत देऊन विकत घ्या. विमानखर्च दिला म्हणून वाद्य भेट मागू नका. कलकत्त्याहून एकदा भेट येऊन गेली आहे, तेवढी पुरे. कार्डावर वर्ग तुमचा जुनाच लावा, माहियाँनी लावला असता तोच. त्याखाली कारागिराचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मग गाव मिरज, जिल्हा सांगली, आणि जवारी लावल्याची तारीख.

सोमवारी तुम्ही बंद असता, तेव्हा उत्तराची घाई नाही. मंगळवारी लिहिलंत तरी चालेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
दुसऱ्या रांगेतला एक श्रोता